उरलेली मिनिटं

मोगरी गाय सुईला भीत नसे, ती भीत असे सुई आणणाऱ्या माणसाला. रामपायलीच्या जनावरांच्या दवाखान्यात नव्याने रुजू झालेल्या मधुवंतीला हे कळेपर्यंत तिच्या पांढऱ्या कोटावर शेणाचे दोन छाप उमटले होते. भादवा सरत आला होता. गोठ्याबाहेर झिमझिम चालू होती. विमलाबाईंनी मोगरीचं शिंग दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं आणि अगदी त्याच वेळी त्यांच्या कमरेच्या बटव्यातला फोन वाजू लागला.

"काट वो बाई, काट त्याले," विमलाबाई म्हणाल्या. "माहे हात गुंतले हायेत. लाल बटन दाब."

मधुवंतीने बटव्यातून फोन काढला. जुना, बटणांचा, अक्षरं पुसट झालेला फोन. वर बाहेरदेशचा लांबलचक नंबर. हातात ओले मोजे, त्यात गायीने दिलेला हिसका... लालऐवजी हिरवं बटण दाबलं गेलं.

"आई, कापू नको," पलीकडून घाईघाईचा आवाज आला. "एक मिनिट. फक्त एक मिनिट बोल."

"मी आई नाही," मधुवंती म्हणाली.

"मग कोण?"

"जनावरांची डॉक्टर."

मग दबक्या आवाजात, "आईले काय झालं?"

"आईंना काही नाही झालं हो. गायीला लस टोचतेय."

तो हसला. सुटका झालेल्या माणसाचं मोकळं हसू होतं ते, आणि कुणाला न सांगण्याच्या अटीवर सांगायचं तर मधुवंतीला ते तिथल्या तिथे आवडलं.

"मोगरी असन. मॅडम, तिचं डावं शिंग नका धरू देऊ. डावं धरलं का लाथ मारते."

विमलाबाईंनी धरलं होतं ते डावंच होतं. बादली उलटली, पाणी मधुवंतीच्या चपलांतून वाहून गेलं.

"सांगायला जरा उशीर झाला," ती म्हणाली.

"ठेवायले सांग त्याले," विमलाबाई शिंगामागून ओरडल्या. "पैसे जाऊन राह्यले त्याचे."

"मॅडम," तो एकदम घाईने म्हणाला, "एक काम करान का? आईले इचारा ना, ती माह्यावर रागावली हाय का? मी फोन लावतो, ती कापते. मग सोता लावते, 'बरा हायेस ना' म्हणते, अन् ठेवून देते. दीड वर्ष झालं, पाच वाक्यं बोलली नाई. मी इकडं निघालो ते तिले पटलं नव्हतं. माहा नंबर हाय ना फोनमध्ये, त्याच्यावर मेसेज टाका. इथं नेटवरून बोलता येत नाई, पण मेसेज जाते. मी प्रीतम..."

एवढ्यात विमलाबाईंनी शिंग सोडून फोन ओढून घेतला आणि लाल बटण दाबलं. मग तोच नंबर स्वतः लावला, "बरा हायेस ना? गायीले लस हाय. ठेव," म्हणाल्या आणि फोन बटव्यात गेला. रुपयांत किती गेले, देव जाणे.

लस झाल्यावर चहा झाला. विमलाबाईंच्या ओसरीवरच्या भिंतीवर एक फोटो होता. मोठ्या मापाचा शर्ट घातलेला, कान जरा बाहेर आलेला एक मुलगा फोटोवाल्याकडे न बघता बाजूला बघून हसत होता. हा प्रीतम. पूर्वी वारासिवनीला धानाच्या गिरणीत मशिनी दुरुस्त करायचा, आता शारजाला तांदळाच्या कारखान्यात तेच करतो. बाप लहानपणीच गेलेला. घरी आई, मोगरी आणि धानाच्या दोन बांध्या, म्हणजे बांध घातलेली छोटी शेतं.

"मावशी," मधुवंतीने बशीतला चहा फुंकत विचारलं, "तुम्ही मुलावर रागावल्या आहात का?"

"रागावून? त्याच्यावर?" विमलाबाईंनी कप खाली ठेवला. "काहून वो?"

"मग फोन का कापता?"

"आता पाह्य. त्याचा फोन आला का मले पोरगा नाई दिसत, घड्याळ दिसते. एकेक मिनिटाले पैसे. तो तिकडं रात्रपाळी करून, पोट मारून कमवून राह्यते, अन् मी इथं 'भाजी कोणती केली' म्हणून उडवू? म्हणून कापतो. अन् मग मीच लावतो."

"आणि लगेच ठेवता."

"माहे बी पैसेच हायेत ना व."

या भागात मिस कॉलवर एक अख्खी पिढी वाढलेली. एक मिस कॉल म्हणजे पोचलो, दोन म्हणजे घ्यायला या, तीन म्हणजे गायीचे दिवस भरलेत. बोलणं ही शेवटची गोष्ट. बालाघाटात, पाटबंधारे खात्याच्या नोकरीतून निवृत्त झालेल्या बापाच्या घरी वाढलेल्या मधुवंतीलाही ते ठाऊक होतं. पण पोटच्या पोराला आई रागावली असं वाटावं, एवढी काटकसर तिने पाहिली नव्हती.

रात्री खोलीवर येऊन तिने मेसेज टाकला. 'रागावल्या नाहीत. तुमचे पैसे वाचवतात. त्यांच्याकडे फोन कापणं म्हणजे माया आहे.'

उत्तर आलं, 'दीड वर्ष मी उगाच रडलो मग.' आणि त्याच्यामागून, 'आता तोडगा बी तुम्हीच सांगा मॅडम.'

तोडगा काही सोपा नव्हता. प्रीतम तिकडच्या फोन कंपन्यांच्या प्लॅनचे फोटो पाठवू लागला आणि गुराढोरांची डॉक्टर बारीक अक्षरातल्या अटी वाचू लागली. कुठे दर कमी पण जोडणीचे पैसे वेगळे, कुठे पहिला महिना स्वस्त आणि दुसऱ्यापासून अव्वाच्या सव्वा. एक प्लॅन होता 'हवं तेवढं बोला'वाला. महाग होता, तरी प्रीतम घ्यायला निघाला. त्याने आईला तसं सांगितलंही, की आता फुकट आहे, पोटभर बोल.

"फुकट काई नसते," विमलाबाईंनी मधुवंतीला ऐकवलं. "फुकट म्हंजे मागाहून दुप्पट वसूल." आणि फोन कापला.

नवरात्रात गावात भंडारा होता. मधुवंती पंगतीत विमलाबाईंच्या शेजारी बसली होती. समोर बसलेला शेजारचा तेजराम भाताचा ढीग पत्रावळीवर तसाच टाकून उठू लागला, तशी विमलाबाईंनी त्याला खांद्याला धरून परत खाली बसवला. "धान का आभाळातून पडते रे? घेतलं का संपवायचं. पानात टाकायचं नाई." पन्नाशीचा तेजराम मुकाट्याने जेवत बसला.

मधुवंतीचा हात वरणातच थांबला. घरी आल्या आल्या तिने मेसेज केला. 'हवं तेवढं बोलावाला नको. मोजक्या मिनिटांचा घ्या, महिना संपला की उरलेली वाया जाणारा. स्वस्तही आहे.'

'वाया जाणारा काहून?'

'घ्या तर खरं.'

पुढच्या रविवारी ती विमलाबाईंकडे गेली आणि सगळं समजावून सांगितलं. पैसे आधीच भरलेत, परत मिळायचे नाहीत. एवढी मिनिटं या महिन्याची. बोललात तर बोललात, नाही तर महिनाअखेरीला गेली.

"जातेत म्हंजे? फुकट जातेत?"

"अगदी फुकट. टाकून दिल्यासारखी."

विमलाबाईंचा चेहरा पडला. फोन वाजला, त्यांनी उचलला, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच त्या म्हणाल्या, "बोल रे बाबू." मग मोगरीची लाथ, तेजरामची पत्रावळ, बांधावरचा बगळा, म्हाताऱ्या महागूच्या नातीचं बारसं, सगळं निघालं. मधुवंती ओसरीच्या पायरीवर पाठ करून बसली होती, तरी पलीकडून येणारं "अन् मग? अन् मग?" तिला ऐकू येत होतं. तिचे डोळे भरून आले आणि तिने ते कोटाच्या बाहीला पुसले. त्या बाहीला शेण होतं, ते तिला नंतर कळलं.

महिन्याच्या शेवटच्या रविवारी विमलाबाई बोलता बोलता थांबल्या. "आता काय सांगू? गायीनं काय खाल्लं तेबी सांगून झालं." फोन कानापासून दूर धरून त्यांनी विचारलं, "मिनिटं उरली असतीन का वो?"

"असतील थोडी."

"मग तू संपव. पानात नाई टाकायचं."

आणि फोन मधुवंतीच्या हातात आला. गरम, विमलाबाईंच्या हातातल्या हळदीचा वास असलेला.

"बोला मॅडम," प्रीतम म्हणाला. "काय चाललं दवाखान्यात?"

"बकऱ्या."

"अन् बकऱ्यांशिवाय?"

"म्हशी."

तेच हसू. "तुम्हाले तिथून काय दिसून राह्यलं?"

"धान कापून पडलंय. वास येतोय. तुमच्याकडे काय दिसतं?"

"खिडकीतून दुसरी खिडकी. तिच्यात एक माणूस रोज बनियान वाळत घालते."

"पण तांदळाचा वास तर असेल कारखान्यात."

"पोत्यात गेलेल्या तांदळाले वास नसते मॅडम." मग त्याने विचारलं, "भिंतीवरचा फोटो पाहून राह्यल्या का?"

"छे," मधुवंती म्हणाली आणि तिने फोटोवरून नजर काढली.

"सगळेच पाह्यतेत. तो शर्ट मामाचा होता, म्हणून तसा दिसते. अन् मॅडम, तुमचा आवाज—"

मिनिटं संपली.

आता तुम्ही म्हणाल, मेसेज करून विचारायचं की, माझा आवाज काय. मेसेज तर दोघांमध्ये चालूच होते, लाळ्या-खुरकुताच्या लसीपासून प्लॅनच्या अटींपर्यंत. पण काही गोष्टी मेसेजमध्ये विचारल्या की त्यातली मजा जाते. मधुवंतीने महिनाभर दम धरला. पुढच्या महिनाअखेरीस फोन हातात आला तेव्हा "हॅलो" म्हणायच्या आधी तिने विचारलं, "माझा आवाज काय?"

"अं?"

"मागच्या वेळचं वाक्य अर्धं राहिलं होतं."

"हां, ते." तो खोटंखोटं आठवू लागला. "आईच्या फोनमध्ये जाड येते, असं म्हणत होतो."

"बरं."

"खरा कसा हाय ते समोरासमोर आल्याशिवाय कसं कळन? होळीले सुट्टी हाय माही... त्याच्यासाठीच येतो असं समजा."

मधुवंती ओसरीच्या खांबाचा रंग नखाने खरवडत राहिली. खांबाचा तेवढा भाग पुढे तसाच राहिला.

दिवाळी गेली, मंडईची जत्रा गेली, थंडीने वैनगंगेवर सकाळी धुकं धरलं. दर महिन्याला मिनिटं उरत. का कोण जाणे, दर महिन्याला जरा जास्तच उरत. विमलाबाई "झालं बाप्पा माह्यं" म्हणून उठत आणि मोगरीकडे जात. गाभण गाईकडे लक्ष द्यावंच लागतं, असं त्या म्हणत. मधुवंतीला आता रविवार दोन प्रकारचे असतात असं वाटू लागलं. एक महिनाअखेरचा, आणि बाकीचे नुसतेच.

माघात प्रीतमचा मेसेज आला. नवीन प्लॅन निघाला होता. एक नंबर ठरवून द्यायचा, त्या एका नंबरवर महिनाभर हवं तेवढं बोला. पैसे मिनिटांच्या प्लॅनपेक्षाही कमी. बाकी नंबरांना मात्र पूर्ण दर. 'घेऊ का मॅडम? तुम्ही म्हणसान तसं.'

मधुवंतीने अटी नीट वाचल्या. कुठे खोट सापडावी म्हणून पुन्हा वाचल्या. खोट नव्हती. विमलाबाई आता बोलायला शिकल्या होत्या, त्यांना रोज मुलाशी बोलता येणार होतं. फक्त काहीच उरणार नव्हतं. उरणार नाही म्हणजे संपवायला कुणी लागणार नाही, आणि आईच्या फोनवर, मुलाच्या पैशांत, परक्या बाईने उगाच बोलायचं ते कोणत्या नात्याने? नको म्हणायचं तिच्या हातात होतं. त्याने तिचं ऐकलंही असतं. जेवण तसंच झाकून तिने उत्तर लिहिलं, 'घ्या. आईंसाठी फार चांगला आहे.'

बऱ्याच वेळाने उत्तर आलं, 'बरं.' एवढंच. त्या 'बरं'चा तिला राग आला, आणि राग आला याचा जास्त राग आला.

रविवारी मोगरीला बघायचं निमित्त करून ती गेली. विमलाबाई मुलाशी बोलल्या आणि सहज फोन ठेवून दिला. "आता का घाई हाय? उद्या बोलीन." मधुवंती "हो ना" म्हणाली. चहा पुढे आला, तो तिने संपवला. फोटोतला मुलगा नेहमीसारखा बाजूला बघत होता. पुढचे दोन रविवार ती बालाघाटला घरी गेली. आईला वाटलं, पोरीला घरची ओढ लागली.

मग एका मंगळवारी दवाखान्यात ती महागूच्या बकरीच्या पायात रुतलेला काटा काढत होती आणि तिचा स्वतःचा फोन वाजला. वर तोच लांबलचक नंबर. मधुवंतीने कोपराने बटण दाबून तो कापला. पुन्हा वाजला. पुन्हा कापला. मग अर्धेमुर्धे हात धुऊन, होता नव्हता तो बॅलन्स घेऊन तिने स्वतःच लावला.

"मॅडम, कापून काहून राह्यल्या?"

"या नंबरला तुम्हाला पूर्ण दर पडतो. अटी मीच वाचल्यात ना. काय काम आहे ते पटकन सांगा."

"काम नाई. मले इचारायचं होतं का—"

बॅलन्स संपला. मधुवंती फोनकडे बघत उभी राहिली.

म्हातारा महागू बकरीचं डोकं मांडीत घेऊन बसला होता. "घरचं माणूस हाय का मॅडम?"

"नाही. का?"

"मग कापला काहून? परक्याचा फोन तर आपण खुशाल उचलतो. पैसे गेले तर त्याचे गेले. आपण कापतो तो आपल्या माणसाचा." आणि बकरीकडे वळून म्हणाला, "निघाला का काटा?"

काटा निघाला होता. मधुवंतीच्या कानाच्या पाळ्या मात्र तापल्या होत्या. पाच महिन्यांपूर्वी तिनेच तर त्याला लिहून कळवलं होतं, तुमच्याकडे फोन कापणं म्हणजे काय ते. आणि आज तिने तो दोनदा कापला होता. त्याला हे कळलं नसेल, असं समजण्याइतका तो भोळा नव्हता.

संध्याकाळी ती विमलाबाईंच्या घरी गेली. जाताना ठरवलं होतं की मोगरीचं विचारायचं. विमलाबाई ओसरीवर फोन कानाला लावूनच बसल्या होत्या. तिला बघताच म्हणाल्या, "आली रे. घे," आणि फोन पुढे केला.

"पण मावशी, आता उरलेली मिनिटं कुठे..."

"उरलेली?" विमलाबाई उठता उठता थांबल्या. "पोरी, दीड वर्षाचं बोलणं साचलं होतं माह्या पोटात. ते का महिन्याभरात सरते? तुले का वाटलं, माह्यं खरंच संपत होतं?" त्यांनी पदर खोचला. "जल्मात पानात कधी काई टाकलं नाई मी. तुमच्यासाठी टाकत होती." आणि त्या गोठ्याकडे गेल्या.

मधुवंतीने फोन कानाला लावला.

"मॅडम?"

"हो."

"दोनदा कापला."

"हो."

"काहून?"

"सांगितलं ना. पैसे जात होते."

"माहे जात होते. जाऊ द्यायचे. तुम्हाले काय फरक पडते?"

गोठ्यातून मोगरीच्या गळ्यातली घंटी वाजली. मधुवंतीने भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं, या वेळी नजर न चोरता. "पडतो," ती म्हणाली. "मला फरक पडतो."

पलीकडे त्याने सोडलेला श्वास तिला ऐकू आला.

"मले बी पडते," तो म्हणाला. "केव्हाचाच. तुम्ही नवा प्लॅन 'घ्या' म्हणल्या ना, त्या दिवशी वाटलं का तुम्हाले सुटका पाह्यजे होती. म्हणून नुसतं 'बरं' लिहिलं... तेच इचारायले सकाळी फोन केला होता. इथं दोन नंबरवाला बी प्लॅन हाय. पहिला आईचा. दुसरा..." तो अडखळला. "तुमचा टाकू का, मधुवंती?"

मॅडम गळून पडलं होतं. ते तिच्या लक्षात आलं आणि ते तिने तसंच राहू दिलं.

"किती महाग आहे?" तिने विचारलं.

दोघंही हसली. विमलाबाईंच्या संगतीत राहून तिला दर विचारायची सवय लागली होती.

"जरासाच. परवडन."

"नको. एक नंबरवालाच राहू दे."

"काहून?" त्याचा आवाज उतरला.

मधुवंतीने खांबाचा खरवडलेला भाग बोटाने चाचपला. बोलायचं ते ती सावकाश, नीट बोलली. बॅलन्स संपायचा नव्हता, मिनिटं सरायची नव्हती.

"होळीला येताय ना? मग बालाघाटला येऊन माझ्या बाबांना भेटा. तिकडच्या नोकरीचा पुढचा वर्षभराचा करार खुशाल पुरा करा. पण आईंचं नि माझं घर एकच असलं, तर नंबर कशाला हवेत दोन?"

कापला गेला की काय म्हणून तिने फोन कानापासून काढून बघितला. चालू होता.

"ऐकताय ना?"

"ऐकून राह्यलो," प्रीतम म्हणाला. "फक्त कापू नका."

"हौ," मधुवंती म्हणाली आणि पायरीवर ऐसपैस बसली. "नाही कापत."